जिभेनें वाळीत टाकलेलें शहर

आमच्या गांवच्या वाचनालयांत गेल्या हिवाळ्यांत एका सुविद्य गृहस्थांचें व्याख्यान झालें. विषय होता ‘इटलीचें वैभव’. व्याख्याते एका प्रवासी मंडळीबरोबर बारा दिवसांत पांच देश पाहून आलेले. पडद्यावर दाखविलेलीं चित्रें स्वच्छ, वाणी ओघवती आणि सभागृह भरलेलें. अध्यक्षस्थानाचा मान माझ्याकडे आल्यामुळें मला बसावयास जागा मिळाली, एवढेंच. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा कललेला मनोरा, व्हेनिसचे कालवे हें सर्व यथासांग पार पडल्यावर पुढल्या रांगेंतील एका बाईंनीं विचारलें, “तेथें जेवणाखाण्याचें काय केलेंत?” व्याख्याते हंसले व म्हणाले, “आमच्याबरोबर आपला महाराज होता. बाराहि दिवस रात्रीं गरम वरणभात. इटलींत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. खाण्यासारखें कांहीं नाहीं.” यावर टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळीं दुसऱ्या कोणत्याहि वाक्याला इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

अध्यक्ष या नात्यानें समारोप करतांना मीं त्या वाक्याचा समाचार घ्यावयास हवा होता. मीं तो घेतला नाहीं. आभार मानले, हार घातला आणि घरीं आलों. तें राहिलेलें काम आज या मासिकाच्या वाचकांपुढें पुरें करीत आहें. व्याख्याते माझे स्नेही आहेत व हा लेख छापखान्यांत जाण्यापूर्वीं मीं त्यांस वाचावयास दिला आहे. तेव्हां पाठीमागें बोलल्याचा दोष मजकडे येऊं नये.

प्रथमच सांगून टाकतों कीं, माझा रोख शाकाहारावर नाहीं. मी स्वतः मांस व मासे खात नाहीं. अंडें खातों, तेंहि आमच्या घरीं निराळ्या भांड्यांत शिजतें, आणि ती शिस्त मोडण्याचा माझा विचार नाहीं. परंतु व्रत निराळें आणि आळस निराळा. व्रत पाळणारा मनुष्य ताटांत काय आहे याची चौकशी करतो, आपल्याला नको तें बाजूला सारतो आणि उरलेलें प्रसन्न मनानें खातो. आळशी मनुष्य ताट मांडूंच देत नाहीं. माझ्या स्नेह्यांच्या त्या बसमध्यें चाळीस माणसें होतीं व त्यांपैकीं निम्मीं तरी घरीं कोंबडी खाणारीं होतीं, हें त्यांनींच मला सांगितलें. म्हणजे वरणभाताचा हा आग्रह धर्माचा नव्हे. ज्या भूमीवर आपण उतरलों तिच्याकडून डोळ्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियानें कांहीं घ्यावयाचें नाहीं, असा तो निश्चय आहे. आणि या निश्चयाला आम्ही सुसंस्कृतपणा समजतों, हें माझें गाऱ्हाणें आहे.

या समजुतीच्या मुळाशीं एक वांटणी आहे. इमारती, चित्रें, पुतळे हा संस्कृतीचा भाग. भाकरी, भात, भाजी हा पोटाचा भाग. पहिल्यासाठीं प्रवास करावयाचा, दुसऱ्याची घरून सोय करावयाची. माझें म्हणणें असें कीं, ही वांटणी खोटी आहे. इतकेंच नव्हे, तर जो ती करतो त्याला इमारतहि दिसत नाहीं. हें नुसतें म्हणून भागणार नाहीं, सिद्ध केलें पाहिजे. त्यासाठीं मी रोम घेत नाहीं, फ्लॉरेन्स घेत नाहीं. आमच्या बहुतेक बसगाड्या ज्या शहराला बाहेरून वळसा घालून निघून जातात तें बोलोन्या घेतों.

फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाणारा मार्ग आपेनाइन डोंगर ओलांडून या शहराच्या अंगावरूनच जातो. वेगवान आगगाडीनें फ्लॉरेन्स ते बोलोन्या हें अंतर चाळीस मिनिटांच्या आंत संपतें. तरीहि प्रवासी मंडळ्यांच्या छापील पत्रकांत हें नांव क्वचित् आढळतें, व आढळलें तर उतारूंना हातपाय धुण्यासाठीं थांबावयाचें ठिकाण म्हणून. दुसऱ्यांना नांवें ठेवण्यापूर्वीं स्वतःचें सांगतों. १९९८ सालीं मी एका परिषदेसाठीं व्हेनिसला जात असतां या गांवच्या स्थानकावर मला दोन तास गाडीची वाट पाहावी लागली. बांकावर बसून मीं आईनें दिलेल्या दशम्या चटणीबरोबर खाल्ल्या. पाय मोकळे करावे म्हणून स्थानकाच्या बाहेर आलों तों भिंतीवरचें मोठें घड्याळ दहा वाजून पंचवीस मिनिटांवर थांबलेलें दिसलें. हे लोक स्थानकावरचें घड्याळ सुद्धां चालूं ठेवीत नाहींत, असा शेरा मनांत मारून मी परत आंत गेलों. ता. २ ऑगस्ट १९८० रोजीं त्या स्थानकांत बाँबस्फोट होऊन ८५ माणसें मेलीं. त्या क्षणाची खूण म्हणून तें घड्याळ मुद्दाम १० वाजून २५ मिनिटांवर ठेवलें आहे, हें मला कित्येक वर्षांनीं एका पुस्तकांत वाचून समजलें. त्या दिवशीं स्थानकासमोरच्या एखाद्या उपाहारगृहांत शिरून कॉफीचा एक पेला मागितला असता, तर कोणीहि मला तें पांच मिनिटांत सांगितलें असतें. माझ्याजवळ शिदोरी होती. मला कोणाशीं बोलावयाचें कारणच पडलें नाहीं.

गेल्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत आम्ही उभयतां तेथें दहा दिवस जाऊन राहिलों. त्यांपैकीं सहा दिवस पाऊस होता, आणि बोलोन्या पाहावयाचें तर तें पावसांतच पाहावें. छत्री आम्हांला रस्ता ओलांडतांनाच काय ती उघडावी लागे, कारण या गांवांत घरांच्या पोटाखालून कमानींची एक अखंड पडवी चालली आहे. ते लोक तिला पोर्तिको म्हणतात. जुन्या गांवांत तिची लांबी सुमारें ३८ किलोमीटर भरते, आणि बाहेरची धरली तर ६२ किलोमीटर. गांवाबाहेरच्या टेकडीवर सान लूकाचें देवालय आहे. तेथपर्यंत जाणाऱ्या पडवीला ६६६ कमानी असून तिचें काम १६७४ सालीं सुरू झालें. २०२१ सालीं युनेस्कोनें या पडव्यांपैकीं निवडक भागांचा जागतिक वारशांत समावेश केला, तेव्हां कांहीं वर्तमानपत्रांना त्यांचें नांव समजलें.

हिची उत्पत्ति अगदीं घरगुती आहे. बोलोन्याचें विद्यापीठ युरोपांतील सर्वांत जुनें. परंपरेनें त्याचें वर्ष १०८८ मानतात. विद्यार्थ्यांची दाटी झाली, राहावयास जागा पुरेना, तेव्हां घरमालकांनीं वरचे मजले लांकडी तुळयांवर रस्त्याच्या अंगाला पुढें काढले आणि तुळया वांकूं लागल्यावर खालून खांब दिले. तेराव्या शतकांतलें असें एक घर, ओकच्या उंच खांबांसह, स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर आजहि उभें आहे. दुसऱ्या एखाद्या नगरपालिकेनें हें अतिक्रमण म्हणून पाडलें असतें, किंवा तिकडे डोळेझांक करण्याचें मोल घेतलें असतें. कोणत्या, तें वाचकांनीं मला विचारूं नये. बोलोन्यानें १२८८ सालीं उलटाच कायदा केला. घर बांधणाऱ्यानें पडवी ठेवलीच पाहिजे. ती तेथल्या मापानें सात फूट, म्हणजे सुमारें २.६६ मीटर उंच पाहिजे, कीं जिच्याखालून घोड्यावरचा स्वार न वांकतां जाईल. जमीन मालकाची, दुरुस्ती मालकाची आणि वहिवाट सर्वांची. सातशें वर्षांहून अधिक काळ हा करार चालत आला आहे. ज्याला आपण त्या गांवचें स्थापत्य म्हणतों तें असें एका नियमांतून जन्मलें: घर तुझें, पण त्याच्या दर्शनी भागावर गांवाचा हक्क.

आतां त्याच गांवाच्या स्वयंपाकघरांत चला. मोर्तादेल्ला नांवाचा डुकराच्या मांसाचा एक पदार्थ तेथें होतो. मीं तो खाल्ला नाहीं व खाणार नाहीं. परंतु त्यांत काय असावें व काय नसावें याविषयीं १६६१ सालीं तेथल्या कार्डिनलनें जाहीरनामा काढला होता, ही गोष्ट मला त्या पदार्थाच्या वासापेक्षां अधिक महत्त्वाची वाटते. अंडें व मैदा यांची पातळ पोळी लाटून तिच्या फिती कापतात, त्यांना ताल्यातेल्ले म्हणतात. या फितीची रुंदी किती असावी हें १९७२ सालीं व्यापारी मंडळाच्या दप्तरांत नोंदविण्यांत आलें: शिजल्यावर आठ मिलिमीटर. आणि हें माप कशावरून सांगितलें? गांवांतील आसिनेल्लीचा मनोरा ९७ मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. त्या उंचीचा १२,२७० वा भाग म्हणजे एका फितीची रुंदी! पुढें तोर्तेल्लीनीच्या सारणाची कृति १९७४ सालीं व रागू नांवाच्या मांसाच्या रश्श्याची कृति १९८२ सालीं त्याच दप्तरांत दाखल झाली. (जगभर ‘स्पॅगेटी बोलोनेझ’ या नांवानें जें खपतें तें बोलोन्याच्या जुन्या घरांतून कोणी करीत नाहीं; तेथें रागू खावयाचा तो ताल्यातेल्लेबरोबर.)

यावर माझे स्नेही म्हणतील कीं, हा व्यापाऱ्यांचा डाव आहे, जाहिरातीचा खेळ आहे. असेलहि. १९७२ सालच्या त्या नोंदींत विनोदाचा अंश आहे हें मला दिसतें. पण विनोद करतांना माणसाला काय सुचतें यावरूनच त्याचें मन कळतें. फितीची रुंदी सांगतांना ज्याला आपला मनोरा आठवतो, त्याच्या मनांत स्वयंपाकघर आणि मनोरा हीं दोन निराळ्या कप्प्यांत ठेवलेलीं नाहींत. घराच्या दर्शनी भागावर ज्या गांवानें हक्क सांगितला, त्याच गांवानें चुलीवरच्या पातेल्यावरहि सांगितला. बाईनें घरीं काय शिजवावें तें तिची इच्छा. पण त्याला बोलोन्याचें नांव द्यावयाचें असेल तर माप गांवाचें. पडवीखालून चालतांना जी शिस्त पायांना जाणवते, तीच ताटांत जिभेला जाणवते. आणि दुसरी ज्यानें चाखली नाहीं, त्याला पहिली म्हणजे पावसांतली एक सोय एवढीच वाटणार.

दोहोंची सामग्रीहि पाहा. पो नदीच्या त्या सपाट मैदानांत चांगला दगड दुर्मिळ. माती मात्र हवी तितकी. म्हणून सगळें गांव विटांचें, आणि म्हणून तें तांबडें. सान पेत्रोनिओ हें तेथलें मुख्य देवालय. तें बिशपानें नव्हे, नगरसभेनें १३९० सालीं बांधावयास घेतलें. त्याच्या दर्शनी भिंतीला खालीं पांढरा-गुलाबी संगमरवर आहे आणि वर नागडी वीट. संगमरवर चढवावयाचा राहिला तो सहा शतकें राहिलाच आहे. दारावरचें याकोपो देल्ला क्वेर्चाचें कोरीव काम पाहून मान वर करावी तों ओबडधोबड विटा. फ्लॉरेन्स पाहून आलेल्याला हें देऊळ अपुरें म्हणून आवडत नाहीं. मलाहि पहिल्या दिवशीं आवडलें नाहीं. ज्या दिवशीं आवडूं लागलें तो दिवस मी सांगतों.

क्वाद्रिलातेरो म्हणून देवळाच्या शेजारीं जुना बाजार आहे. तेथील गल्ल्यांचीं नांवें अजून धंद्यांवरून आहेत: सोनारांची, कापडवाल्यांची, कुलुपवाल्यांची, जुन्या मासळीबाजाराची. तेथून थोड्या अंतरावरील एका लहानशा दुकानाच्या कांचेआड एक साठी उलटलेली बाई लांकडी पाटावर पोळी लाटीत होती. लाटणें जवळजवळ वांवभर लांब. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडें, पाण्याचा थेंब नाहीं, एवढेंच तिचें भांडवल. ती पोळी लाटण्यावर गुंडाळी, दाबी, उलगडी, फिरवी आणि पुन्हां गुंडाळी. अर्ध्या घटकेंत पाटभर पसरलेल्या पिंवळ्या पोळीतून खालच्या लांकडाचे रेषारेषांचे पट्टे दिसूं लागले. माझी पत्नी कांचेला नाक लावून उभी होती. मी ‘चल’ म्हणालों, ती हलेना. बाईनें चौकोन कापले, मध्यें सारण ठेवलें आणि बोटाभोंवतीं दुमडून टोकें चिमटलीं, तेव्हां ही म्हणाली, “अहो, पारी आपल्या करंजीपेक्षांहि पातळ आहे, आणि फाटत नाहीं!” तिनें खुणेनें आंत येऊं का म्हणून विचारलें. पुढचा पाऊण तास दोघींत एकाहि शब्दाची देवघेव न होतां जें संभाषण झालें, त्याच्या दशांशहि माझ्या इंग्रजीनें त्या गांवांत मला मिळवून दिलें नाहीं. लांकडी पाटच कां, संगमरवरी कां नाहीं, हेंहि हिनें विचारून घेतलें. गुळगुळीत दगडावर पोळी गुळगुळीत होते व तिला रस धरत नाहीं. लांकडावर ती किंचित् खरखरीत राहते.

बाहेर आलों आणि समोर सान पेत्रोनिओची ती नागडी वीट दिसली. मैदानांतली माती, मैदानांतला गहूं. हलकी वस्तु, भारी हात. खरखरीतपणा हा तेथें उणेपणा नाहीं, तो कशाला तरी धरून ठेवण्यासाठीं आहे. संगमरवर धरावा म्हणून ज्या विटांना खांचे ठेवले, त्या खांच्यांवर सहाशें वर्षें ऊन आणि सांवली खेळते आहे. पाटावरची पोळी पाहण्यापूर्वीं हें मला दिसलें नव्हतें. मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. स्थापत्यावरचीं पुस्तकें बरींच वाचलीं आहेत. त्यांतून तें दिसलें नव्हतें.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊं. पहिला आक्षेप तात्त्विक आहे व माझ्या स्नेह्यांनीं तो मला पत्रानें कळविला आहे: अन्न ही पहिली पायरी, तैत्तिरीयोपनिषदांतला भृगु अन्नाशीं सुरुवात करून पुढें आनंदापर्यंत गेला, तुम्ही अन्नाशींच कां बसतां? उत्तर सोपें आहे. भृगूनें पहिली पायरी ओलांडली. आपण ती टाळली. बसमधून थेट आनंदाशीं उतरण्याची सोय त्या ग्रंथांत सांगितलेली नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: वृद्ध माणसें, लहान मुलें, पथ्यपाणी. तो मी संपूर्ण मान्य करतों. सत्तरीच्या आजींना रात्रीं दहीभात मिळत असेल तर तो महाराज चिरायु होवो. पण टाळ्या वाजविणारे हात आजींचे नव्हते.

तिसरा आक्षेप असा कीं, त्या गांवाशीं आपला काय संबंध? येथें मला हंसावें कीं रडावें कळत नाहीं. बोलोन्याच्या पूर्वेस, आगगाडीनें तासाभराच्या आंत, सेनिओ नांवाची नदी आहे. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं त्या नदीच्या बांधावर पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणींतील शिपाई नामदेव जाधव यानें जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली, मग एकट्यानें शत्रूचीं मशीनगनचीं ठाणीं बंद पाडलीं, आणि त्यासाठीं त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो अहमदनगर जिल्ह्यांतला. त्यानंतर बाराव्या दिवशीं, २१ एप्रिलला, बोलोन्या मुक्त झालें. तिकडेच फोर्ली गांवीं हिंदी सैनिकांचें स्मशान व दहनस्मारक आहे. आमच्या बसगाड्या त्या मैदानावरून वर्षानुवर्षें जातात. पत्रकांत प्रेक्षणीय स्थळांची यादी छापलेली असते. ज्याला यादीपलीकडचें नको, त्याला आपलीं माणसें सुद्धां यादींत नसलीं तर भेटत नाहींत.

उलट बाजूच्या मंडळींचाहि येथें हिशेब घेतला पाहिजे, कारण तरुण वाचक आतांपर्यंत मनांत हंसत असतील. ते वरणभात नेत नाहींत. ते खाण्यासाठींच जातात. फळ्यावर मांडलेल्या मोर्तादेल्लाचें चित्र आधीं काढतात, मग खातात, आणि तें चित्र तासाभरांत पुण्यामुंबईला पोंचतें. त्या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांतून मीं पाहिलें, एकेका दुकानापुढें त्याच मांसाच्या त्याच फळ्या, त्याच टेबलांवर, आणि ज्या पडवीखालून स्वार जावा म्हणून कायदा झाला तिच्याखालून रांगेमुळें दोन माणसांना जाण्याची पंचाईत. हीं मंडळी जिभेनें घेतात आणि डोळ्यांनीं वाळीत टाकतात. वांटणी तीच, फक्त पारडें बदललें. २०१७ सालीं बोलोन्याच्या बाहेर सुमारें लाख चौरस मीटर जागेंत एक अवाढव्य खाद्यनगरी उघडण्यांत आली होती. सगळ्या इटलीचें अन्न एका छपराखालीं, गाड्या उभ्या करावयास प्रशस्त मैदान, गांवाची अडचण नाहीं. लोक अपेक्षेप्रमाणें आले नाहींत व २०२४ सालीं ती त्या नांवानें बंद झाली. गांवावांचून गांवचें जेवण कोणाला नको होतें, असें मी म्हणतों. हिशेबनीस दुसरीं कारणें देतील.

हें गांव तरी असें राहिलें कसें? याचें उत्तर आमच्या व्याख्यात्यांच्या चित्रांत सांपडणार नाहीं. १९६९ सालीं तेथल्या नगरसभेनें जुन्या गांवाच्या रक्षणाची योजना केली व १९७३ सालीं ती राहत्या घरांना लागू केली. पिएर लुइजी चेर्वेल्लाती हा त्या कामांतला प्रमुख वास्तुतज्ज्ञ. त्यांचा विचार असा: राजवाडा जपावयाचा तर त्याच्या शेजारची कामकऱ्याची चाळहि जपली पाहिजे, आणि चाळ जपावयाची तर तिच्यांतला कामकरी बाहेर घालवून नव्हे. जुन्या घरांची डागडुजी सरकारी पैशानें करावयाची आणि त्यांत पूर्वीचेच भाडेकरू ठेवावयाचे. माणूस गेला तर भिंत हें नुसतें टरफल, ही गोष्ट त्यांनीं ओळखली. ती योजना सगळी तडीस गेली नाहीं, आणि आज भाड्याच्या खोल्या पाहुण्यांना मिळतात पण विद्यार्थ्यांना मिळत नाहींत अशी ओरड त्या पडव्यांच्या भिंतींवरच रंगानें लिहिलेली मीं पाहिली. तरी पण दुकानाच्या कांचेआडची ती बाई चार रस्ते पलीकडे राहते व पायीं कामाला येते, हें हिनें खुणांनीं विचारून काढलें.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीबद्दल मला पुष्कळ लिहावयाचें होतें. भिंतीभर विद्यार्थ्यांचीं रंगीत कुलचिन्हें. १६३७ चें लांकडी शरीरशास्त्रगृह, जें जानेवारी १९४४ च्या बाँबहल्ल्यांत कोसळलें आणि ढिगाऱ्यांतले तुकडे वेंचून पुन्हां उभें केलें. १७३२ सालीं तत्त्वज्ञानाच्या अध्यापनासाठीं नेमलेली लाउरा बास्सी. मध्ययुगांत तेथें विद्यार्थीच प्राध्यापक नेमीत व वर्गावर उशिरा येणाऱ्याला दंड करीत. हें मीं आमच्या महाविद्यालयांत कोणाला सांगितलेलें नाहीं. दोन कललेल्या मनोऱ्यांपैकीं ठेंगणा, गारिसेन्दा, पायथ्याचा दगड झिजल्यामुळें भय वाटून ऑक्टोबर २०२३ पासून कुंपणांत आहे, म्हणून आम्हांला आसिनेल्लीवरहि चढतां आलें नाहीं. त्याचा १२,२७० वा भाग तेवढा रोज ताटांत पाहिला.

शाकाहारी वाचकांना त्या गांवांत काय मिळतें, हें सांगण्याचें कर्तव्य उरलें. तोर्तेल्लीनी सोडावी, तिच्यांत मांस आहे. तिची मोठी बहीण तोर्तेल्लोनी मागावी. चीज केल्यावर उरलेलें पाणी पुन्हां तापवून जो मऊ खवा निघतो त्याचें सारण, वर लोणी आणि सेजचा पाला. ताल्यातेल्ले रागूवांचून, नुसत्या टोमॅटोच्या रसांतहि देतात. येथें एक कबुली द्यावी लागते. पार्मेझान चीज ज्या विरजणानें लावतात तें वासराच्या जठरांतून काढलेलें असतें, ही गोष्ट मला परतल्यावर कळली. तोंवर तें सारणांतून व वरून किसून पुष्कळ पोटांत गेलें होतें. मघांशीं मीं व्रत आणि आळस यांतला भेद मोठ्या दिमाखानें सांगितला. या बाबतींत माझी चौकशी अपुरी पडली. पुढल्या खेपेस काय करावयाचें याविषयीं आम्हां उभयतांत अजून मतभेद आहे: ही म्हणते सोडावें, माझें ठरलेलें नाहीं.

लेखाचा कच्चा खर्डा स्नेह्यांनीं परत पाठविला तो समासांत एकच प्रश्न लिहून: “हें सर्व ठीक. पण डाळ मिळते का?” मिळते. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं सगळ्या इटलींत मसूर खातात. दाणा नाण्यासारखा दिसतो म्हणून नव्या वर्षीं पैसा येतो, असा समज आहे. बोलोन्याकडे ती डुकराच्या मांसाच्या जाड सॉसेजबरोबर वाढतात, पण नुसती मागितली तर नुसतीहि देतील. मीं त्यांस तसें कळविलें आहे. उत्तर यावयाचें आहे.